खरबुजाची सावड

परसातला उजव्या हाताचा कोपरा आनंदरावांना मिळाला तो संक्रांतीच्या चार दिवस आधी, आणि तोही अटी घालून. मिरचीच्या वाफ्यात पाय पडता कामा नये, अळूचं पाणी तोडायचं नाही, आणि काही मेलं तर त्याचा दोष कोथिंबिरीवर ढकलायचा नाही. उत्रोलीतल्या त्या घरात पुढच्या दारी सत्ता कुणाची यावर वाद होऊ शकला असता. मागच्या दारापलीकडे मात्र साळूबाईंचं राज्य होतं, आणि नवरा त्या राज्यात आजवर फक्त दात घासायला जात असे.

“लावनार काय?” साळूबाईंनी विचारलं.

“खरबूज.”

भाकरी थापणारा हात थांबला. “उत्रोलीत?”

“का? उत्रोलीत माती न्हाई?”

“माती हाय. पर हितं कुनी खरबूज लावल्यालं म्या न्हाई बगितलं.”

“मंग आता बग,” आनंदराव म्हणाले आणि चहा न मागता उठले. चहा न मागता उठले म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे साळूबाईंना कळलं.

आनंदराव एसटीत बत्तीस वर्षं काढून दीड वर्षापूर्वी भोर स्थानकातून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. स्थानकात त्यांच्या खिडकीशी दिवसभर माणसांची रीघ असायची. पुण्याची कधी, वेल्ह्याची गेली का, महाडची आज लागणार का? दिवसाला दोनतीनशे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला आनंदरावांकडे उत्तर. निवृत्त झाल्यावर प्रश्न थांबले. घरात त्यांना दिवसातून एकच प्रश्न विचारला जाई, “जेवताय न्हवं?”, आणि त्याचंही उत्तर विचारणारीला आधीच ठाऊक असे. आपल्याला कुणी काही विचारत नाही याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. ते तसं बोलून दाखवत नव्हते, इतकंच.

खरबुजाचं बीज मात्र पडलं होतं भोरात, अल्लाउद्दीनच्या घरी. स्थानकाच्या फाटकाबाहेर अल्लाउद्दीनचा फळांचा गाडा होता. रमजानात सूर्य मावळायच्या बेताला तो कापलेल्या फळांची एक बशी कंट्रोलरच्या खोलीत पाठवी आणि मग स्वतःचा रोजा सोडायला बसे. सव्वीस वर्षं त्यात खंड नाही. गेल्या दिवाळीत गुडघ्यांनी दावा साधला आणि गाडा बंद झाला. मुलगा अजहर नसरापूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याला फळांत रस नाही.

आनंदराव भेटायला गेले, तेव्हा खाटेवर बसल्या बसल्या अल्लाउद्दीन हसत म्हणाला, “कंट्रोलर, यंदा पयल्यांदा रमजानात फळं इकत आनावी लागनार. चाळीस वर्सं म्या लोकास्नी फळं दिली, पर मला कुनी कदी एक फळ आनून दिलं न्हाई. आता फळवाल्याला फळ कोन देनार?”

तो हसला, पण आनंदरावांना हसता येईना. सव्वीस वर्षांच्या बश्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. “यंदा तुज्या शेवटच्या रोज्याला खरबूज मी आनतो,” ते एकदम बोलून गेले. “इकतचं न्हाई. माज्या परसातलं.”

“खरं?” अल्लाउद्दीनचा चेहरा असा काही उजळला की शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही. आपण जन्मात खरबूज लावलेलं नाही, हे आनंदरावांना परतीच्या वाटेवर आठवलं.

बियांची पुडी आणली. पुडीच्या मागे बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं: थंडी कमी झाल्यावर लावा, उंच वाफा करा, बी जागेवरच टोका, पाणी बेतानं द्या. आनंदरावांनी चष्मा लावून त्यातलं नेमकं एकच वाचलं, “७५ दिवस”. कंट्रोलरच्या नजरेला गाडी सुटायची वेळ आणि पोचायची वेळ एवढंच दिसतं, मधले थांबे ड्रायव्हरनं बघायचे. त्यांनी कॅलेंडरवर बोट फिरवलं. आज लावलं तर मार्चअखेर फळ हातात. रमजान संपणार पाडव्याच्या सुमारास. म्हणजे गाडी दहाबारा दिवस आधीच फलाटावर येऊन उभी!

आता लावायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. शेती म्हणजे भात. नोकरी लागेपर्यंत त्यांनी दर पावसाळ्यात घरच्यांबरोबर भात लावला होता, आणि पुढेही लावणीला हक्काची रजा टाकली होती. भाताला आधी राब भाजतात, त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरून रोपं करतात, मग ती उपटून चिखलात लावतात. खरबूज त्याहून काय वेगळं असणार? जमिनीतूनच तर येतं!

त्यांनी कोपऱ्यात पालापाचोळा, शेण आणि वाळकी झुडपं रचून झकास राब भाजला. धूर थेट दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर गेला. साळूबाईंनी चादरी पुन्हा धुतल्या, त्या दिवशी भाजीला मीठ नव्हतं आणि आनंदरावांनी ते मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजलेल्या, जरा उंचावलेल्या त्या राखमातीत त्यांनी बी पेरलं आणि बाजूला खुर्ची टाकून बसले.

पाच दिवसांत उगवेल असा त्यांचा अंदाज होता. पण उत्रोलीला जानेवारीत पहाटे अशी थंडी पडते की माणसं उगवत नाहीत, तिथे खरबूज काय उगवणार? सहावा दिवस गेला, आठवा गेला. आनंदराव सकाळ-संध्याकाळ वाकून बघत.

“सुटायलाच लेट झाली,” ते पुटपुटले.

“थंडी कमी झाल्यावर लावतात वेल,” साळूबाई मिरचीला पाणी देता देता म्हणाल्या. “माज्या म्हायेरी काकड्या शिवरात्रीच्या अंगाला लावायचे.”

“शिवरात्रीला लावलं तर ईद होऊन जाईल.”

“मंग खरबुजाला सांगा तसं.”

बाराव्या दिवशी एकदाची हिरवी टोकं वर आली. एकवीस रोपं. आनंदरावांना झालेला आनंद इतका होता की त्यांनी तो शेजारच्या रतनबाईंनाही सांगितला. आणि इथेच घोटाळा झाला, कारण आनंदाबरोबर त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं, “येत्या सोमवारी लावनी हाय, या.”

आता या भागात लावणी म्हटली की सावड आलीच. सावडीत मजुरी नसते. आज तुम्ही आमच्या शेतात राबा, उद्या आम्ही तुमच्या, दिवसाला दिवस. आनंदरावांच्या लहानपणी एकट्यानं लावणी केलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून बोलवायचं तर रतनबाई आणि तिची जाऊ एवढ्या दोघी पुरेत असा त्यांचा हिशेब होता. पण रतनबाई ही सावडीतली बाई. तिनं निरोप पुढे दिला, पुढचीनं त्याच्या पुढे. कंट्रोलरनं उन्हाळी भात केला म्हणे, असं म्हणत निरोप गावभर फिरला.

इकडे आनंदरावांनी रविवारी कोपऱ्याच्या उरलेल्या भागात नळीनं पाणी सोडलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायांनी चिखल तुडवला.

“अवो, भात लावताय का खरबूज?” साळूबाई दारातून ओरडल्या.

“चिखलात मुळं बसत्यात.”

“भाताची बसत्यात!”

“तुला खरबुजातलं काय कळतंय?”

“तुमाला कळतंय तेवडंच मलाबी कळतंय,” असं म्हणून त्या आत गेल्या, आणि हे त्या दोघांच्या संसारातलं सर्वांत खरं वाक्य होतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता दारात अकरा बायका उभ्या राहिल्या. पदर खोचलेले, पायांत चपला नाहीत. पुढे सत्तरीची बाळाबाई. बाळाबाई म्हणजे उत्रोलीच्या सावडीची कंट्रोलरच. कुणाचं शेत आधी, कुणाचं नंतर, कोण उशिरा आलं, कोण लवकर गेलं, सगळं तिला तोंडपाठ.

“कुठं हाय रं आनंदा खाचर?” तिनं विचारलं.

आनंदरावांनी अकरा बायकांना घरातून मागे नेलं. मिरचीचा वाफा ओलांडून त्या एका ओळीत उभ्या राहिल्या. समोर खाटेएवढा चिखल आणि त्याच्या शेजारी राखेत एकवीस रोपं. लांब कुठेतरी टेम्पो मागे घेतल्याचा आवाज येत होता.

“ह्ये काय हाय?” बाळाबाई म्हणाली.

“खरबूज.”

रतनबाईची जाऊ पदर तोंडाला लावून खाली बसली. मग एकेक करून सगळ्याच बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. बाळाबाई तेवढी हसली नाही. कामावर आलेली बाई काम करून जाते, हा तिचा नेम होता. तिनं वाकून सतरा रोपं उपटली, चार फारच बारकी होती ती हातानं चाचपून सोडून दिली. “ही ऱ्हाऊ द्या हितंच, ह्यांच्यात जीव न्हाई.” मग अकरा बायका त्या चिखलाच्या कडेनं बसल्या, कुणी एक रोप लावलं, कुणी दोन, आणि आनंदरावांनी घड्याळात पाहिलं तेव्हा लावणीला सुरुवात होऊन सहा मिनिटं झाली होती आणि लावणी संपली होती.

साळूबाईंनी कपाळाला हात लावला. पण घरी आलेल्या सावडीला उपाशी पाठवायचं नसतं, म्हणून त्यांनी अकरा जणींच्या भाकऱ्या थापल्या. पिठलं केलं, लोणचं काढलं. दुपारपर्यंत बायका ओसरीवर बसून गप्पा मारत होत्या, आणि आनंदराव पंगतीत पाणी वाढत होते.

निघताना बाळाबाई म्हणाली, “दिस धरला जाईल.”

“कसला दिस?” आनंदराव दचकले. “सा मिंटांचं तर काम झालं!”

“काम सा मिंटांचं. पर आमी आमचा हरबरा सोडून आलो. दिस गेला तो गेलाच की. अकरा जनींचा अकरा दिस. आमी कुनाचा ठेवत न्हाई, आमचा कुनी ठेवू ने.”

आनंदरावांनी साळूबाईंकडे पाहिलं. साळूबाईंनी आढ्याकडे पाहिलं. “बोलावलं तुमी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “जायाचं तुमी. मला धुवायला आजून दोन चादरी हायेत.”

फेब्रुवारी लागताच हरभरा काढणीला आला आणि आनंदरावांची पाळी सुरू झाली. हरभरा पहाटे उपटतात, दव असतानाच, म्हणजे घाटे फुटत नाहीत. पण त्या दवात हरभऱ्याची आंब असते, ती हाताला अशी चरचरते की अंगठा कुठे धरावा ते कळत नाही. आनंदराव बायकांच्या ओळीत शेवटचे असत, आणि ओळ बांधाला पोचली तरी ते मधेच असत. पहिल्या दिवशी ते कंबर धरून घरी आले, दुसऱ्या दिवशी कंबर धरूनच गेले.

“आनंदा,” तिसऱ्या दिवशी बाळाबाई म्हणाली, “तुजा येक दिस म्हंजी आमचा आर्दा.”

“म्हंजी?”

“म्हंजी बावीस.”

आनंदरावांनी बांधावर बसून आकाशाकडे पाहिलं. महामंडळात असतं तर त्यांनी वर अर्ज केला असता. इथे बाळाबाईच्या वर कुणी नव्हतं.

घरी आल्यावर परसात जायचं त्राण नसे. तरी पहिल्या आठवड्यात ते एकदा गेले. चिखलात लावलेली सतराच्या सतरा रोपं पिवळी पडून आडवी झाली होती. पाणी साचून मुळं कुजली होती. ते तिथेच उकिडवे बसले. अल्लाउद्दीनचा उजळलेला चेहरा आठवला. पुन्हा बी लावावं तर दिवस उरले नव्हते. त्याला जाऊन सांगायला तर हवं होतं, पण सांगायला जायचं धैर्यही नव्हतं आणि वेळही, कारण उद्या रतनबाईचा कांदा खुरपायचा होता.

अशा रीतीनं खरबुजाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवून त्यांनी महिना काढला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी साळूबाईंनी हाक मारली, “अवो, हे बगितलं का?”

राखेच्या उंचवट्यावर, जिथे बाळाबाईनं जीव नाही म्हणून चार बारकी रोपं सोडली होती, तिथे दोन वेल हातभर पसरून राखेची कड ओलांडून पलीकडे निघाले होते. पानं तळहाताएवढी. मधूनमधून पिवळी फुलं.

“ही कुठनं आली?” आनंदराव पुटपुटले.

“हितंच व्हती. कुनी उपटली न्हाईत, कुनी बुडवली न्हाईत.”

“पानी?”

“मिरचीला घातल्यावर उरलं तर तांब्याभर टाकायची मी.”

आनंदरावांना एवढं भरून आलं की ते ताबडतोब नळी आणायला धावले. साळूबाई आडव्या आल्या. “हात लावायचा न्हाई! बगायचं, दोन हात लांबनं.” पुढचे दोन दिवस त्यांनी दोन हात लांबून बघितलं. फुलं गळायला लागली. आनंदराव हादरून शेतावर बाळाबाईला विचारायला गेले. “पयली फुलं गळत्यातच,” ती कणीस न सोडता म्हणाली. “ती नराची. मागनं मादीची येत्यात, बुडाला बारीक फळ घेऊन. म्हवाच्या माशा येऊ दे, फवारा मारू नगंस. आन पानी कमी. वेलाला पानी सोसत न्हाई.”

“मंग आदी का सांगितलं न्हाई?”

“तू लावनीला बोलावलंस. इचाराय कुटं बोलावलंस?”

तीन फळं धरली. बोराएवढी, लिंबाएवढी, मग मुठीएवढी. आनंदरावांनी त्यांच्याखाली भाताचा पेंढा घातला. रमजान निम्मा सरला तशी त्यांच्या जिवाची उलघाल सुरू झाली. पिकलेलं खरबूज नुसता हात लावला की देठापासून सुटतं, असं बाळाबाईनं सांगितलं होतं, म्हणून ते रोज सकाळी कामावर जाण्याआधी हात लावून बघत. विसाव्या रोज्याला हात जरा जोरात लागला आणि पहिलं फळ सुटलं. आत पांढरंफटक. साळूबाईंनी त्याची कोशिंबीर केली, आणि आनंदरावांना ताटावर बसून ती खावी लागली. दुसऱ्या फळाला फळमाशीनं डंख मारला, ते आतून किडलं. उरलं एक. त्याला हात लावायला आनंदरावांना आता साळूबाईंची परवानगी लागे, आणि ती मिळत नसे.

पाडवा आला. एकोणतिसावा रोजा. गुढी उतरवायची वेळ झाली तरी फळ वेलाला घट्ट होतं. आज चंद्र दिसला तर हाच शेवटचा रोजा, उद्या ईद, आणि शब्द गेला. आनंदरावांनी अजहरला फोन लावला.

“अजहर, चांद आज दिसंल का उद्या?”

“काका, दिसला की कळंल.”

“आरं पर टाइम काय? काई तरी टाइम असंल न्हवं?”

“चांदाला टाइमटेबल नसतंय, काका.”

बत्तीस वर्षांत असली सेवा आनंदरावांनी ऐकली नव्हती. ते अंगणात येऊन पश्चिमेकडे बघत उभे राहिले. रस्त्यानं बाळाबाई चालली होती. आनंदा आकाशात काय शोधतोय हे तिनं विचारलं, ऐकून घेतलं आणि कंबरेवर हात ठेवला.

“आरं खुळ्या, पाडव्याला कुटं चंद्र दिसतोय? बीजंला दिसतो. बीज उद्या हाय. ती मानसं न आपन, चंद्र येकच हाय न्हवं?”

आनंदरावांनी बोटांवर तिथी मोजली. मग ते धावत आत गेले आणि साळूबाईंना म्हणाले, “येक दिस वाडला!” साळूबाईंनी नुसती मान हलवली. पण त्या रात्री झोपायच्या आधी त्याही मागच्या दारी जाऊन आल्या, हे आनंदरावांनी ऐकलं.

त्या संध्याकाळी खरोखरच चंद्र दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता परसात गोडसर वास सुटला. साळूबाईंनी नवऱ्याला बोलावलं आणि म्हणाल्या, “लावा आता हात.” आनंदरावांनी हात पंच्याला पुसला आणि खाली नेला. बोट टेकतंय न टेकतंय तोच फळ तळहातात आलं. एवढंसं, नारळाएवढं.

फळ रुमालात बांधून ते थांब्यावर गेले. भोरची एसटी पाच पंचविसाला यायची. पाच पस्तीस झाले. पावणेसहा झाले. थांब्यावर एक म्हातारा उभा होता, त्यानं विचारलं, “कंट्रोलरसाहेब, गाडी कवा येनार?” आनंदरावांनी आधी घड्याळाकडे आणि मग रस्त्याकडे पाहिलं. सहाला वडापची खासगी जीप आली. ज्या वडापवाल्यांना त्यांनी बत्तीस वर्षं फाटकातून हाकललं, त्यातलाच एक चालवत होता. तो नुसता बघत राहिला. आनंदराव रुमाल छातीशी धरून मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसले.

अल्लाउद्दीन दस्तरखानाशी भिंतीला टेकून बसला होता. शेजारी खुर्शिदाभाभी, अजहर. आनंदरावांनी रुमाल सोडला. अल्लाउद्दीननं फळ हातात घेतलं, तोललं, देठाची खोबण बघितली, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

“सातशे गराम,” शेवटी तो म्हणाला. “चाळीस वर्सांत मला आल्यालं पयलं फळ.”

अजहरनं सुरी पुढे केली, पण अल्लाउद्दीननं त्याला फळाला हात लावू दिला नाही. स्वतः कापलं. गाड्यावर कापायचा तसंच, एकसारख्या पातळ फाकी, बशीत गोल. आत केशरी रंग उजळला. अजान झाली. खजुरानंतर त्यानं पहिली फाक आनंदरावांच्या हातात दिली, मग स्वतः एक तोंडात टाकली. आनंदरावांनी आपली फाक हातातच धरली होती. त्यांचं सगळं लक्ष अल्लाउद्दीनच्या तोंडाकडे होतं.

“साखर हाय,” अल्लाउद्दीन हळूच म्हणाला. “कंट्रोलर, अशी साखर बागाईतदारालाबी लवकर जमत न्हाई. म्या हजारो इकली, पर लावत्यात कशी ते मला म्हाईत न्हाई. सांग की. कदी लावलंस, कसं लावलंस?”

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी आनंदरावांना उत्तर येईल असा प्रश्न विचारला होता. ते ताठ बसले. गळा साफ केला. आणि स्थानकातल्या खिडकीत बसल्यासारखे एकेक सांगत सुटले. थंडी सरता सरता बी टोकायचं, त्याच्या आत घाई करायची नाही. वाफा जमिनीहून उंच, माती मोकळी, राख मिसळलेली. बी जागेवरच लावायचं, रोप उपटून दुसरीकडे न्यायचं नाही, मुळाला ते सोसत नाही. पाणी बेतानं, आणि फळ भरत आलं की जवळजवळ तोडायचंच, तेव्हाच साखर उतरते. फवारा नाही. मधमाश्यांना येऊ द्यायचं. फळाखाली पेंढा. देठ आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, सारखं जाऊन छळायचं नाही, वेलाला त्याचं त्याचं वाढू द्यायचं.

अल्लाउद्दीन मान डोलावत होता. अजहरनं तर मोबाईल बाजूला ठेवला होता. खुर्शिदाभाभी चहाचा कप पुढे करता करता थांबल्या. त्यांना कसला तरी हिशेब लागत नव्हता.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “उपटायचं न्हाई, पानी घालायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, जवळ जायाचं न्हाई. मंग ह्या तीन म्हैन्यांत तुमी काय केलं?”

आनंदरावांनी फाक तोंडात टाकली. खरंच गोड होती. ती संपेपर्यंत त्यांनी विचार केला, काय सांगावं, आणि अल्लाउद्दीनच्या तोंडाकडे पाहून त्यांना खोटं सुचेना.

“मी?” ते म्हणाले. “मी गावाचा हरबरा उपटत व्हतो.”